कसली आलीये थंडी!

मंडळी, विषय किरकोळ आहे, पण डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. नायट्रोवर चालणाऱ्या आरसी गाडीसाठी इंजिन हिटर घ्यावा का, असं धाराशिवच्या आमच्या कंपूत विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "हे काय युरोप आहे? एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हिटर कशाला?" परवा एकाने (मेकॅनिकलवाला आहे, वर तोंड करून!) हेच ऐकवलं तेव्हा मात्र राहवलं नाही.

अहो, हिटरचा हवामानाशी संबंध फार थोडा. या इंजिनांत बहुधा अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि आतून क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह असते. स्लीव्ह वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळती ठेवतात. इंजिन शंभर अंशांच्या आसपास तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगतं आणि फिटिंग जमतं. थंड असताना पिस्टन वर जाऊन आवळला जातो आणि स्टार्टर बॉक्सची मोटर त्याला जबरदस्तीने ओढून काढते. सगळा मार बिचाऱ्या कनेक्टिंग रॉडवर. आता शंभराच्या हिशेबात डिसेंबरची सकाळ १२ अंश काय नि मेची दुपार ४० काय, इंजिन थंडच!

यावर पुढचा सल्ला तयार असतो: ग्लो प्लग अर्धा फेरा सैल कर. शेतावरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारताना डिकॉम्प्रेशनचा खटका उचलतात, तिथून हे डोक्यात आलं असावं. पण त्याने कोंडलेली हवा सुटते. धातूला घासणारा धातू तसाच घासत राहतो.

मग जुगाडवाले. हेअर ड्रायर चालतो हो, पण मैदानात २३० व्होल्ट कुठून आणणार? आणि कोणी स्टोव्ह नाहीतर लायटर धरत असेल तर सरळ लांब जा. इंधनात मुख्य माल मिथेनॉल. त्याची वाफ ११-१२ अंशांनाच पेट घेण्याजोगी होते आणि ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. हात भाजल्यावर कळतं. याला देसी डोकं म्हणून टाळ्या कसल्या वाजवता?

आता निवडीचं. समजा इंजिन ३५० ग्रॅमचं, २५ वरून ७५ अंशांवर न्यायचंय. साधारण १६ किलोज्यूल लागतात. ६० वॅटला साडेचार मिनिटं, ३० वॅटला नऊ. हवेत जाणारी उष्णता धरली तर दोन्ही वाढतात, आणि आमच्या माळावरच्या वाऱ्यात ३० वॅटवाला ७५ गाठेलच असं नाही. म्हणून स्वस्तातला ३० वॅटचा घेऊ नका. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी निम्मी वापरली तरी ६० वॅटवर पाच-सहा वेळा सहज पुरते.

नुसता हेडवर बसणारा हिटर नको. हेडच्या पात्या उष्णता फेकायलाच केलेल्या असतात, त्यांनाच तापवून काय उपयोग? इंजिनाच्या अंगाला विळखा घालणारा घ्या, वरून फडकं टाका. थर्मोस्टॅट हवाच.

आणि हो, इन्फ्रारेड गन चकचकीत धातूवर तापमान कमी दाखवते. काळ्या मार्करचा ठिपका मारून त्यावर मोजा.