अंड्यावर बसायचे कुणी?

पेंग्विनचा विषय निघाला की ‘आदर्श पिता’ हे शब्द हमखास कानी येतात. अंटार्क्टिकातला एम्परर पेंग्विन ऐन हिवाळ्यात सुमारे दोन महिने अंडे पावलांवर घेऊन, पोटाच्या कातडीखाली ऊब देत उभा असतो. मादी समुद्रावर गेलेली असते. ती यायच्या आत पिल्लू बाहेर आले तर अन्ननलिकेतून पाझरणारे दुधासारखे द्रव्य तो त्याला भरवतो. हे वाचून कुणाचाही कंठ दाटावा. मला मात्र प्रश्न पडला, मादी वेळेवर आलीच नाही तर? तर उपासाने खंगलेला नर शेवटी अंडे किंवा पिल्लू सोडून समुद्राची वाट धरतो.

म्हणजे तो त्यागमूर्ती वगैरे नव्हे. बदली येणार या भरवशावर पाळी करणारा तो एक कामकरी आहे. मला तो असाच अधिक आवडतो.

इतक्या लांब जायलाच हवे असेही नाही. माटुंग्याहून धिम्या गाडीने पाचवे स्टेशन भायखळा. राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. २०१६ साली आठ पक्षी सेऊलहून आणले, त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. (मुंबईच्या उकाड्यात हे पाहुणे कशाला, हा वाद तेव्हा गाजला. मला तो रास्तच वाटतो, पण ते पुन्हा कधी.) १५ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे पहिले पिल्लू जन्मले, ते आठवडाभरातच गेले. २०२१ मध्ये मात्र दोन पिल्ले जगली. या जातीत अंडी उबवायला चाळीसेक दिवस लागतात आणि नर-मादी आळीपाळीने बसतात. एक घरट्यात, दुसरा मासळीवर. पिल्लू आले तरी सुरुवातीला तोच क्रम. एल निनोच्या वर्षी पेरूकडचे पाणी तापते, मासळी दुरावते, आणि मग घरटीच्या घरटी ओस पडतात. माया आटली म्हणून नव्हे. समुद्रात खायला उरले नाही म्हणून.

आता लेबर कॅम्पातली आमची खोली घ्या. आई पहाटे खाणावळीत पोळ्या लाटायला, वडील कारखान्यात. मी आणि धाकटा भाऊ यांच्यावर ‘बसायला’ ताई. तिची शाळा सातवीत सुटली. घरातला पहिला कॉलेजकुमार म्हणून माझे कौतुक होते, आणि ताईने किती त्याग केला असेही लोक म्हणतात. हा ‘त्याग’ शब्द मला खटकतो. त्याग म्हटला की हिशेब मागायची सोय उरत नाही. तिची बदली करायला कुणी आलेच नाही, एवढेच खरे. २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. आईच्या खाणावळीत बायका सहा!

ताई यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसते आहे. संध्याकाळी सात ते नऊ ती पुस्तक घेऊन माळ्यावर असते. तेवढ्या वेळात भात मी लावतो, धाकट्याची गणिते मी घेतो. भात रोज गिचका होतो अशी वडिलांची तक्रार आहे. उद्यापासून तांदूळ त्यांनी धुवायचे ठरले आहे.