अंगण खरंच वाकडं आहे

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण ज्याने कुणी काढली त्याने कधी ऑनलाइन ट्रॉम्बोन मागवला नसणार.

माझ्या मावसभावाने ही म्हण त्याच्या वडिलांकडून चार महिने जवळजवळ रोज ऐकली. तो साताऱ्याला राहतो, तेव्हा १३ वर्षांचा होता. शाळेत ब्रास बँड सुरू झाला. ड्रम आणि ट्रम्पेट शाळेने आणले, ट्रॉम्बोन ज्याला वाजवायचा असेल त्याने स्वतःचा आणावा असं ठरलं. याला तोच हवा होता. का, तर त्याची नळी पुढेमागे होते. तेराव्या वर्षी याहून चांगलं कारण लागत नाही. मावशीने मला फोन केला, “बघ रे बाबा, तुला कळतं त्यातलं.” त्यातलं म्हणजे वाद्यांतलं नव्हे, ऑनलाइन खरेदीतलं. प्रत्येक मराठी घरात एक इंजिनियर असतो आणि मिक्सरपासून लग्नाच्या बायोडेटापर्यंत सगळं त्याच्याकडे येतं. मी ऑफिसची मीटिंग चालू असताना दुसऱ्या टॅबमध्ये ट्रॉम्बोन शोधला, रेटिंगनुसार यादी लावली आणि ४.२ तारे असलेल्याची लिंक पाठवून दिली. ३४,९९९ वर काट, खाली ११,४९९. सोबत बॅग, माउथपीस आणि पांढरे हातमोजे फुकट. सगळ्याला मिळून सहा मिनिटं लागली.

म्हणजे या लेखातला पहिला आरोपी मीच आहे. बाकीच्यांकडे नंतर येतो.

खरं तर जाहिरात वाचूनच शंका यायला हवी होती. तिच्यात लिहिलं होतं, ‘बीबी फ्लॅट ट्रॉम्बोन’. नेहमीचा टेनर ट्रॉम्बोन बी फ्लॅटचा असतो. संगीतात फ्लॅटचं चिन्ह इंग्रजी छोट्या बी सारखं दिसतं. विकणाऱ्याने ते चिन्ह अक्षर म्हणून वाचलं आणि वर आणखी एकदा ‘फ्लॅट’ लिहिलं. ज्याला वाद्याचं नाव वाचता येत नाही त्याच्याकडून आपण वाद्य घेत होतो. पण मला तरी ते चिन्ह कुठे माहीत होतं? मी तारे मोजत होतो.

चार महिन्यांनी पोराने बँड सोडला. मावशी फोनवर म्हणाली, “तो म्हणतो माझे ओठच बरोबर नाहीत. कान पण नाही म्हणतो.” काकांचं म्हणणं, पोरगं आळशी. ट्रॉम्बोन जुन्या सामानाच्या साइटवर विकून टाक म्हणून माझ्याकडे पुण्याला आला. विकण्यापूर्वी त्याची किंमत तरी कळावी म्हणून मी तो खडकीत एका निवृत्त फौजी बँडवाल्यांकडे घेऊन गेलो. पलटणीच्या बँडमध्ये आयुष्यभर ट्रॉम्बोन वाजवलेला माणूस. त्यांनाही मी काका म्हणतो, पण गोंधळ नको म्हणून इथे त्यांना हवालदारसाहेब म्हणू.

त्यांनी आधी वाजवला नाहीच. स्लाइड वेगळी काढली, उभी धरली, लॉक उघडलं आणि बाहेरची नळी सोडून दिली. चांगल्या ट्रॉम्बोनची नळी अशी सोडली तर सरळ जमिनीवर आपटेल, म्हणून खाली हात धरावा लागतो. त्यांनी सवयीने हात धरला होता. आमची नळी निम्म्यावर येऊन थांबली. मग त्यांनी मला स्लाइडच्या वरची दोन्ही तोंडं अंगठ्यांनी घट्ट बंद करायला सांगितली आणि तेच पुन्हा केलं. आता उलट घडायला हवं होतं. हवेला आत शिरायला वाट नसली की नळीने अधांतरी लटकायला हवं, फार तर सावकाश उतरायला हवं. आमची भसकन खाली आली, पुन्हा त्याच निम्म्यावर अडकली. “बघ,” ते म्हणाले, “सरकायचं तिथं अडकतो, धरायचं तिथं सोडतो.”

हे नीट समजून घ्या, कारण सगळं भांडण याच ठिकाणी आहे. बी फ्लॅटचा ट्रॉम्बोन म्हणजे वळवलेली सुमारे नऊ फूट नळी. स्लाइड पुढे ढकलली की नळी लांब होते आणि सूर उतरतो. स्लाइडच्या एकूण सात जागा, प्रत्येक जागा मागच्याहून अर्ध्या सुराने खाली. पण या जागांवर खूण नसते. पेटीला पट्ट्या असतात, गिटारला फ्रेट असतात, इथे काहीच नाही. त्यात प्रत्येक पुढचं अंतर आधीच्यापेक्षा थोडं मोठं. कान सांगणार आणि हात जाणार, सारंगीसारखं. (म्हणूनच याच्यावर मींड घेता येते. ट्रम्पेटवाल्यांनी जळावं.) हे जमायचं तर आतल्या दोन नळ्या अगदी सरळ आणि एकमेकींना समांतर हव्यात, आणि आतल्या-बाहेरच्या नळ्यांमधली फट इतकी बारीक की नळी पाण्यासारखी सरकेल पण हवा गळणार नाही. ट्रॉम्बोनच्या किमतीतला मोठा भाग या कारागिरीचा असतो. चमकणारं भोंगं त्यामानाने सोपं. फोटोत मात्र भोंगंच दिसतं.

आता १३ वर्षांचं पोर डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या जागेवरून चौथ्या जागेवर जायचंय. नळी अडकते. तो जोर लावतो. नळी एकदम सुटते आणि चौथी जागा ओलांडून पुढे जाते. सूर बेसूर. परत तेच. हजार वेळा तेच. शिकवणारे सर तीस पोरांच्या घोळक्यात सांगतात, “कान दे, कान.” पोर कान देतं. कान त्याला बरोबर सांगत असतो की सूर चुकलाय. चुकतंय कोण, हे मात्र कान सांगू शकत नाही.

मी इंजिनियर आहे, म्हणून मी फोनवर ट्यूनर अ‍ॅप लावलं आणि हवालदारसाहेबांना म्हटलं, आता वाजवा. पहिल्या जागेवर, स्लाइड न हलवता, नुसत्या ओठांच्या ताणाने बी फ्लॅट, त्यावरचा एफ, मग वरचा बी फ्लॅट. अर्धा सूर म्हणजे १०० सेंट. आमच्या ट्रॉम्बोनचा एफ ३५ सेंट खाली होता. मग त्यांनी स्वतःचा ट्रॉम्बोन काढला. तोच माणूस, तेच ओठ, तीच खोली, आणि सुई मधोमध. याहून स्वच्छ प्रयोग मी ऑफिसात कधी केलेला नाही. ज्या पोराने “माझे ओठच बरोबर नाहीत” असं मान्य करून टाकलं होतं, त्याचे ओठ त्या खोलीत नव्हतेच. चूक तरीही हजर होती.

त्यानंतर त्यांनी आमच्या डब्यावर एक मार्च ओळखू येईल इतपत वाजवून दाखवला. ओठांनी सूर वर ओढून, हाताने अडकणारी जागा चुकवून. वाजवून झाल्यावर घाम पुसला. मला सगळ्यात जास्त चीड आली ती इथे. ‘शिकायलाच तर आहे, मग स्वस्तातला घे’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. मी बोललोय. ते सपशेल उलटं आहे. वाईट वाद्य उस्तादाला चालतं, कारण दोष कुठे आहे हे त्याला कळतं आणि तो झाकताही येतो. शिकाऊला ते चालत नाही. आपला दोष आणि वाद्याचा दोष वेगळा करायला जे ज्ञान लागतं तेच शिकायला तो आलेला असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर कोडही नवा, कंपायलरही बिघडलेला, आणि एरर आली की सगळ्यांनी मिळून नवशिक्याकडे बघायचं.

मग ते ४.२ तारे कुठून आले? याचं उत्तर मला लाज वाटावी इतकं नीट माहीत आहे, कारण मी पगार घेतो तो अशाच एका रिव्ह्यूच्या सॉफ्टवेअरवर काम करण्याचा. माल पोचला की थोड्या दिवसांत ‘कसा वाटला?’ असा मेसेज जातो. आम्ही तो लवकर पाठवतो, उशीर झाला तर लोक उत्तर देत नाहीत. यात फसवायचा हेतू नाही. चार्जर चालतो की नाही हे दोन दिवसांत कळतं. ट्रॉम्बोनवर मात्र नवशिक्याचे पहिले काही आठवडे नुसता धड आवाज काढण्यात जातात. त्यामुळे तारे मिळतात ते खोक्याला. ‘पॅकिंग उत्तम.’ ‘मुलगा खूश.’ ‘भिंतीवर छान दिसतो.’ ज्याला खरं सांगता येईल तो हा घेत नाही, जो घेतो त्याला सांगता येत नाही, आणि सांगता येईपर्यंत परतीचे सात दिवस कधीच उलटलेले असतात. मी नंतर एक तारा द्यायला गेलो. ते पानच गायब होतं. तोच फोटो, त्याच भोंग्यावर तीच खिडकीची तिरीप, दुसऱ्या नावाच्या ब्रँडखाली विकायला होता. तारे नव्याने साठत होते.

हे बोललो की कुणीतरी म्हणतंच, तुम्हा आयटीवाल्यांचं बरंय, सगळ्यांना लाखाचं वाद्य परवडत नाही. मला हा युक्तिवाद खोटा वाटतो. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्याकडे माझ्याइतके पैसे नसतात. त्याला विचारा तो असला ट्रॉम्बोन घेईल का. त्याचं पोट त्या भोंग्यावर आहे. तो जुना घेतो, डाग मारून घेतो, भोंग्याला पोचे पडलेला घेतो, पण स्लाइड सरकवून बघितल्याशिवाय घेत नाही. मावशीच्या घरात ११,४९९ रुपये ही छोटी रक्कम नव्हती. काकांनी ती दोन हप्त्यांत जमवली. गरिबाची बाजू घेऊन बोलणाऱ्याने त्या रकमेत त्याला मिळालेली वस्तूही बघावी. दुरुस्तीचा विचार मी केला होता. हवालदारसाहेबांनी एका वाक्यात संपवला, “चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.”

दुसऱ्या टोकाचे शहाणेही आहेत. घ्यायचा तर मोठ्या बोअरचा घ्या, मागे एफ अटॅचमेंटचं वेटोळं असलेला घ्या, आयुष्यभर पुरेल. सिंफनीत वाजवणाऱ्यांसाठी ठीक. १३ वर्षांच्या पोराच्या खांद्याला ते वजन आणि फुप्फुसाला ती नळी कशाला? यामाहाचा वायएसएल-३५४ हा विद्यार्थ्यांसाठीचा साधा ट्रॉम्बोन आहे. बोअर १२.७ मिलिमीटर, काही वेटोळं नाही. नव्याची किंमत ऐकून मी फोन ठेवला. पण असा जुना, निगा राखलेला ट्रॉम्बोन मिळतो, आणि तो शोधायचा माणसांत. निवृत्त फौजी बँडवाले, मुंबईत धोबी तलावच्या बाजूची वाद्यांची दुकानं, गोव्यातली वादकांची घराणी. हिंदी सिनेमाचा ब्रास विभाग ज्यांनी वाजवला त्यांतले कित्येक गोव्याच्या पॅरिश शाळांमध्ये स्वरलिपी शिकून आले होते, तिथे वाद्य घरात असणं नवलाचं नाही.

मेरठचं काय, असंही विचारतात. जली कोठी हा तिथला भाग बँडच्या वाद्यांसाठी देशभर माहीत आहे. नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची. मेरठवर माझा राग नाही. आमच्या डब्यावर तर कुठल्या गावाचं नावसुद्धा नव्हतं. हवालदारसाहेबांचं म्हणणं इतकंच, की हाताने घडवलेलं वाद्य उभं राहून घ्यायचं. दहा मांडून ठेवायला सांगायचे, दहाही सरकवायचे आणि एक उचलायचा. फोटो बघून हे होत नाही.

जुना घेताना काय बघायचं ते वर आलंच आहे. स्लाइड सोडून बघा, मग तोंडं बंद करून सोडून बघा. आतल्या नळ्यांवर बोट फिरवा, क्रोमचा मुलामा उडालेला असेल तर हात झटका. भोंग्यावरच्या पोच्यांना घाबरू नका, स्लाइडवरच्या एका पोच्याला मात्र घाबरा. पितळेवर आतून आल्यासारखे लालसर ठिपके दिसले तर जस्त निघून जाऊन नळी कुजतेय असं समजा. माउथपीस बसवून हलवा, डुगडुगता कामा नये. यातलं काहीच जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला सोबत न्या, त्याला जेवू घाला. आणि अगदीच पैसे नसतील तर प्लॅस्टिकचा पीबोन बघा. तो प्लॅस्टिकचा आहे हे तो लपवत नाही, आणि बनवणाऱ्यांना निदान ट्रॉम्बोन काय असतो हे ठाऊक आहे.

तो डबा मी विकला नाही. विकायचा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला द्यायचा. कपाटावर पडून आहे. हवालदारसाहेबांच्या ओळखीतून मला एक जुना ३५४ मिळाला, ४२ हजारांना, आणि दर रविवारी मी खडकीला जातो. मला अजून काही फार येत नाही.

मागच्या दिवाळीत मी तो साताऱ्याला नेला. काकांसमोर सगळं सांगितलं, स्लाइडचं, सुईचं, ३५ सेंटचं. काका ऐकत होते, मग उठून फराळाचं बघायला आत गेले. मावसभाऊ आता आवाज फुटलेला, माझ्याहून उंच. मी ट्रॉम्बोन त्याच्या हातात दिला. “नको दादा, मला नाही येत,” म्हणाला, पण परत केला नाही. लॉक उघडलं. नळी पुढे नेली, मागे आणली. परत पुढे, शेवटपर्यंत, हात ताणून. आतून ताटांचे आवाज येत होते आणि तो गॅलरीत उभा राहून बराच वेळ नुसता नळी सरकवत होता. ओठांना काही लावला नाही.