हलकेफुलके आणि पोकळ

नाताळ जवळ येऊ लागला की अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनीवर प्रेमपटांची रांग लागते. २००९ पासून वाहिनीने या मोसमाला स्वतंत्र नाव देऊन त्याचा वार्षिक सोहळाच करून टाकला आहे. चित्रपट साधारण दीड तासाचा. त्यात बर्फ, रोषणाई, शहरातून छोट्या गावी आलेली कर्तबगार नायिका, प्रथमदर्शनी न आवडणारा नायक आणि अगदी शेवटी एक चुंबन. एवढ्यावर कोणी रागवावे असे त्यात काही नाही, आणि आम्हीही रागावलेलो नाही. परंतु २०१८ साली या रांगेत जेन ऑस्टिनला आणून उभे करण्यात आले. 'ख्रिसमस ॲट पेम्बर्ली मॅनर' या चित्रपटात एलिझाबेथ बेनेट ही न्यू यॉर्कमधील समारंभ-संयोजक झाली आणि विल्यम डार्सी हा एक वाडा विकायला काढलेला अब्जाधीश. त्याच मोसमातील 'प्राइड, प्रेज्युडिस अँड मिसलटो'मध्ये अदलाबदल करून डार्सी ही श्रीमंत स्त्री आणि बेनेट हा उपाहारगृह चालवणारा पुरुष झाला. पुढच्या वर्षी 'सेन्स, सेन्सिबिलिटी अँड स्नोमेन' आला आणि डॅशवूड भगिनीही बर्फात उतरल्या.

या चित्रपटांवर प्रेक्षक जे बोलतात ते ऐकले तर दोन पक्ष सरळ दिसतात. पहिला पक्ष म्हणतो की हा अभिजात साहित्याचा अपमान आहे. ऑस्टिनची भाषा नाही, काळ नाही, पात्रांची फक्त नावे उचलली आहेत. दुसरा पक्ष म्हणतो की अहो, सुट्टीचे दिवस आहेत, डोके बाजूला ठेवा आणि पाहा. हलक्याफुलक्या करमणुकीला मोजपट्ट्या कसल्या लावता? हे दोन पक्ष एकमेकांशी कितीही भांडोत, एका बाबतीत त्यांचे पूर्ण मतैक्य आहे. दोघांनाही वाटते की जे अभिजात ते जड, आणि जे हलके ते रिकामे. आमचे म्हणणे असे की चूक नेमकी इथे आहे, आणि दोन्ही पक्ष ती बरोबरीने करीत आहेत.

आधी पहिल्या पक्षाचे पाहू. ऑस्टिन हलकी नव्हती असे या मंडळींना कोणी सांगितले? १८१३ साली 'प्राइड अँड प्रेज्युडिस' प्रसिद्ध झाल्यावर तिने आपल्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या पुस्तकाची थट्टा केली आहे ती हीच, की ते फारच हलके आणि चकचकीत झाले, मधूनमधून थोडी सावली हवी होती. आणि नाताळाचे म्हणाल तर 'एमा' या कादंबरीतील एक मध्यवर्ती प्रसंग नाताळच्या आदल्या संध्याकाळचाच आहे. वेस्टन यांच्या घरी मेजवानी आहे, बर्फ पडू लागते, पाहुण्यांची परतण्याची घाई होते, आणि घोडागाडीत एमासमोर बसलेले पाद्री एल्टन थोडी अधिक घेतलेल्या मद्याच्या धैर्यावर तिला मागणी घालतात. हॉलमार्कला लागणारी सारी सामग्री इथे हजर आहे. इतकेच काय, 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या शेवटाकडे एलिझाबेथ आपल्या मामीला पत्र लिहिते आणि सर्वांनी नाताळला पेम्बर्लीला यावे असे आमंत्रण देते. तेव्हा पेम्बर्लीचा नाताळ ही कल्पना चित्रवाहिनीने आकाशातून आणलेली नाही. ती मूळ पुस्तकातच आहे.

मुळाशी इमान राखले की नाही, हा निकषही आम्हांस पटत नाही. १९९५ सालचा 'क्लूलेस' पाहा. ॲमी हेकरलिंग यांनी 'एमा' उचलून बेव्हर्ली हिल्सच्या एका शाळेत नेली. नायिकेचे नाव बदलले, काळ बदलला, भाषा तर अशी की ऑस्टिनला दुभाषा लागला असता. तरीही 'एमा'चा गाभा तिथे शाबूत आहे. एक सुखवस्तू, मनाने वाईट नसलेली मुलगी आपल्याहून दुबळ्या मैत्रिणीच्या आयुष्याशी खेळ करते, तिला तिच्या जोगत्या मुलापासून तोडून वरच्या पायरीवरील मुलाकडे ढकलते, आणि तो मुलगा आपल्या बापाच्या प्रतिष्ठेचा दाखला देत तिला झिडकारतो. आपल्याकडे १९७५ साली पु. ल. देशपांडे यांनी शॉचे 'पिग्मॅलियन' 'ती फुलराणी' म्हणून रंगभूमीवर आणले, तेव्हा लंडन सोडले, नावे सोडली. पण बोलीवरून माणसाची समाजातील पायरी ठरवली जाते हा मूळ नाटकातील काटा मात्र सोडला नाही. तोच काटा मराठी बोलींत नेऊन रोवला. रूपांतर म्हणतात ते याला. ते हलके होते, आणि ते टोचतही होते.

मग हॉलमार्कच्या चित्रपटांत हरवले आहे ते काय? आमच्या मते टोप्या, झगे आणि नृत्यसभा हरवल्या याचे दुःख करण्याचे कारण नाही. हरवला आहे तो पैसा.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही पौंडांत मोजलेली प्रेमकथा आहे. बेनेट यांच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. परंतु ती मालमत्ता पुरुष वारसाकडेच जावी अशी कायदेशीर बांधणी आहे, आणि घरात पाच मुली. वडील गेले की घर कॉलिन्स या दूरच्या भाऊबंदाचे. डार्सीचे उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड, आणि हा आकडा तो खोलीत शिरल्यावर पाच मिनिटांच्या आत सर्वांच्या तोंडी होतो. कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा तिच्या वाट्याला आईच्या पश्चात अवघे १,००० पौंड येणार आहेत याची तो तिला आठवण करून देतो, आणि इतक्या तुटपुंज्या वाट्यावर दुसरे स्थळ येईलच असे नाही हेही सुचवतो. माणूस मूर्ख आहे. पण हिशेब चुकलेला नाही. एलिझाबेथ तरीही नाही म्हणते. तिची मैत्रीण शार्लट, वय सत्तावीस, त्याच माणसाला हो म्हणते, कारण तिला डोक्यावर छप्पर हवे आहे. मिसेस बेनेटला आपण हसतो, आणि लेखिकेचीही तीच इच्छा आहे. परंतु पाच मुलींना बेघर होण्यापासून वाचवण्याची चिंता त्या घरात बोलून दाखवणारी तीच एक आहे, हे दुसऱ्या वाचनात ध्यानात येते आणि हसू थोडे घशात अडकते.

एलिझाबेथने डार्सीला पहिल्यांदा दिलेला नकार इतका देदीप्यमान वाटतो तो यामुळे. एकदा घर नाकारले, आता पेम्बर्ली नाकारले. तिच्या स्वाभिमानाची किंमत पुस्तकाने आधी रुपया-आणे-पैशांत सांगून ठेवली आहे.

आता चित्रपटातील एलिझाबेथ बेनेटकडे वळू. तिने विल्यम डार्सीला नाही म्हटले तर काय होईल? काही नाही. ती न्यू यॉर्कला परत जाईल, तिचे काम तिची वाट पाहत असेल. स्त्रीला स्वतःची उपजीविका मिळाली याचा आम्हांस आनंदच आहे. ऑस्टिनलाही झाला असता. परंतु जुनी किंमत फिटली असेल तर रूपांतर करणाऱ्याने आजची किंमत शोधायला हवी होती. 'मिसलटो'मध्ये तर ती हाताशी आली होती. पैसेवाली, यशस्वी स्त्री आणि तिच्या मेजवानीचे जेवण बनवणारा पुरुष! कमावत्या बाईचा गर्व कसा दिसतो, तो पुरुषाच्या गर्वाइतकाच क्षम्य ठरतो का, हाताखालच्या माणसाला मागणी घालताना तिच्याही बोलण्यात डार्सीसारखाच उपकाराचा सूर येतो का, असे कितीतरी प्रश्न त्या एका अदलाबदलीत होते. चित्रपट त्यांना वळसा घालून सजावटीकडे जातो. गर्व आणि पूर्वग्रह ही दोन नावे उरतात, आणि दोन्ही एखाद्या गैरसमजाइतकी सौम्य होतात.

इथे दुसरा पक्ष म्हणेल, हे सगळे आम्हांला हवे कशाला? दिवसभर राबून आलेल्या माणसाला दीड तास कोणी रडवू नये, इतकीच अपेक्षा आहे. ही अपेक्षा आम्ही क्षुद्र मानत नाही. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढणाऱ्याला, परगावी एकट्या राहणाऱ्याला शेवट गोड होणार हे ठाऊक असलेली गोष्ट लागते. या गरजेला नाके मुरडणारे समीक्षक आम्हांस आवडत नाहीत. परंतु दिलासा मिळण्यासाठी गोष्ट रिकामी असावी लागते हे मात्र आम्ही मानणार नाही. रुडयार्ड किपलिंगची 'द जेनाइट्स' ही १९२४ सालची कथा पहिल्या महायुद्धातील तोफखान्याच्या सैनिकांविषयी आहे. आघाडीवर, मरणाच्या छायेत, ते ऑस्टिनच्या पात्रांच्या आधाराने एकमेकांना धरून राहतात. तोफांच्या माऱ्याखाली बसलेल्यांना ज्या पुस्तकांनी धीर दिला असे किपलिंगला लिहावेसे वाटले, ती पुस्तके बेघर होण्याच्या, फसवले जाण्याच्या, अविवाहित राहून भावांच्या दारी जगण्याच्या भीतीने भरलेली आहेत. आपल्यालाही दिलासा मिळतो तो म्हणूनच. ज्याला भीती ठाऊक आहे त्याने 'सर्व ठीक होईल' म्हटले तरच ते ऐकावेसे वाटते.

आणि लेखिकेला ती भीती ठाऊक होती. डिसेंबर १८०२ मध्ये, म्हणजे नाताळच्याच महिन्यात, हॅरिस बिग-विदर या मोठ्या मालमत्तेच्या वारसाने तिला मागणी घातली. तिने संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. १८०५ साली वडील वारले. आई, बहीण आणि ती यांना भावांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. १८०९ साली एका भावाने चॉटन येथे घर दिले तेव्हा कुठे स्थैर्य आले. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने ११० पौंडांना विकले. एलिझाबेथच्या तोंडचा नकार लिहिणाऱ्या बाईने आपल्या नकाराचे मोल वर्षानुवर्षे चुकते केले होते. आणि तरीही तिने विनोदी पुस्तक लिहिले. हा हलकेपणा कमावलेला आहे.

कोणी विचारील, दूरच्या वाहिनीवरील नाताळी चित्रपटासाठी मराठीत इतकी शाई का खर्चावी? कारण 'हलके आहे, विचार करू नका' हा सल्ला आपल्याकडेही दर आठवड्याला दिला जातो, आणि बहुतेक वेळा तो स्त्रियांच्या आवडीच्या गोष्टींविषयीच दिला जातो. शिवाय स्थळ नाकारणाऱ्या मुलीला ते पुढे किती दिवस ऐकून घ्यावे लागते हे ज्या समाजात घराघरांत माहीत आहे, त्या समाजातील प्रेक्षकाला 'नकाराला काही किंमत पडत नाही' असे सांगणारी गोष्ट निरुपद्रवी म्हणून खपवणे बरे नव्हे. ती गोष्ट त्याला फसवते, आणि गोड बोलून फसवते.

म्हणून दोन्ही पक्षांना आमची विनंती आहे. पहिल्या पक्षाने नावे आणि झगे जुळवणे सोडावे. दुसऱ्या पक्षाने डोके बाजूला काढून ठेवणे सोडावे. चित्रपट अवश्य पाहावा, आवडल्यास आवडला म्हणावे, आणि संपल्यावर एकच प्रश्न विचारावा: हिने नाही म्हटले असते तर हिचे काय झाले असते? उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर त्याच रात्री 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे एकोणिसावे प्रकरण काढून वाचावे. कॉलिन्सची मागणी त्यात आहे. पाच-सहा पानांचेच आहे, आणि हसून हसून पुरेवाट होते.