डाउन हाउस : घर, बाग आणि एका सिद्धान्ताचा संसार

१/
लंडनच्या आग्नेयेस सुमारे १६ मैलांवर, केंटच्या टेकड्यांत डाउन नावाचे खेडे आहे. सप्टेंबर १८४२मध्ये चार्ल्स डार्विन आणि एमा हे दांपत्य दोन लहान मुलांसह तेथील एका प्रशस्त जुन्या घरात राहावयास आले. घर अठराव्या शतकातील, सभोवती १८ एकर जमीन. पैशाची सोय डार्विनच्या डॉक्टर वडिलांनी केली. घर दिसायला कुरूप आहे, असे डार्विनने स्वतःच बहिणीला कळवले होते. तरीही पुढील ४० वर्षे, अखेरच्या श्वासापर्यंत, तो तेथेच राहिला.

२/
या घराची रूढ कथा अशी : प्रकृतीने खंगलेला एक विद्वान जगापासून दूर एकांतात बसला आणि केवळ बुद्धीच्या बळावर त्याने सृष्टीचे कोडे सोडवले. कथा मोहक आहे, पण घराचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनला लंडनमध्येच, १८३८ साली सुचली होती. डाउनला झाले ते पुरावे उभे करण्याचे काम, आणि ते भरल्या घराने केले.

३/
आधी बाग पाहावी. डार्विनने ३ फूट लांब व २ फूट रुंद अशी जमीन खणून साफ केली आणि तीत उगवणाऱ्या प्रत्येक तणाची नोंद ठेवली. ३५७ रोपे उगवली. त्यांपैकी २९५ नष्ट झाली, बहुतेक गोगलगाई व किडे यांच्या तोंडी पडून. जीवनसंघर्ष हा शब्द ऐकताच वाघ-हरिण डोळ्यांपुढे येतात. डार्विनने तो घराच्या दारात, चटईएवढ्या जागेत मोजला.

४/
दूरच्या बेटांवर वनस्पती पोहोचल्या कशा, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी ८७ प्रकारचे बी खाऱ्या पाण्यात घालून ठेवण्यात आले. २८ दिवसांनंतरही ६४ प्रकारांचे बी रुजले. समुद्र ओलांडून बीज जगू शकते, हे सांगायला जहाज लागले नाही. पाण्याची भांडी आणि चिकाटी पुरली.

५/
आता माणसे. भुंगे उडताना ठराविक ठिकाणी क्षणभर घुटमळतात, हे लक्षात आल्यावर डार्विनने आपल्या पाच-सहा मुलांना त्या त्या ठिकाणी उभे केले. भुंगा आला की मूल ओरडे, आणि भुंग्याचा मार्ग हाकेगणिक उमगत जाई. १८५५मध्ये घराजवळच्या कुरणातील वनस्पतींची गणना झाली. १४२ जाती आढळल्या. त्या कामात डार्विनची सहकारी होती मुलांना घरी शिकवणारी कॅथरीन थॉर्ली.

६/
जोसेफ पार्स्लो हा मुख्य नोकर १८७५पर्यंत घराचा आधारस्तंभ होता. आजारी मालकाच्या थंड पाण्याच्या उपचारांची व्यवस्थाही त्याच्याकडेच असे. मुलगी हेन्रिएटा हिने वडिलांच्या हस्तलिखितांवर संपादकाचा हात फिरवला. गांडुळांना ऐकू येते का, हे तपासताना एमा पियानो वाजवी आणि मुलगा फ्रान्सिस बसून हे सुषिर वाद्य. गांडुळांनी दाद दिली नाही. तीही नोंद झाली आणि १८८१च्या पुस्तकात छापली गेली.

७/
एमाचा वाटा तर याहून खोल. १८४४मध्ये डार्विनने सिद्धान्ताचा विस्तृत मसुदा लिहिला आणि तिच्या नावे एक पत्र ठेवले : आपण अचानक गेलो तर ४०० पौंड खर्चून हा मसुदा प्रकाशित करावा. एमा श्रद्धाळू होती, पतीच्या विचारांची दिशा तिला अस्वस्थ करी. तरीही त्या विचारांची विश्वस्त म्हणून पतीने तिचीच निवड केली.

८/
घराने मोलही मोजले. दहा अपत्यांपैकी सातच मोठी झाली. जून १८५८मध्ये वॉलेसचे सुप्रसिद्ध पत्र डाउनला पोहोचले, त्याच महिन्यात घरात आजारपण शिरले आणि सर्वांत धाकटा मुलगा २८ जूनला दगावला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन वाचले गेले तेव्हा डार्विन उपस्थित नव्हता.

९/
येथे एक आक्षेप न्याय्य आहे. असे घर कोणाला लाभते? डार्विनला उपजीविकेसाठी एक दिवसही नोकरी करावी लागली नाही. वाडवडिलांचा पैसा, नोकरचाकर आणि पत्नीचे श्रम यांतून त्याची सवड निर्माण झाली. वॉलेस त्याच काळात मलाय द्वीपसमूहात पक्षी व कीटकांचे नमुने जमवून, ते विकून पोट भरत होता. त्याच निष्कर्षाला तोही पोहोचला. मात्र २० वर्षे पुरावे रचण्याची सोय एकालाच होती, आणि सिद्धान्त आज एकाच्याच नावाने ओळखला जातो. हा अन्याय नीट समजायचा तर दोघांच्या बुद्धीइतकीच त्यांच्या घरांची तुलना करावी लागते.

१०/
यात डार्विनचे श्रेय उणे होत नाही. प्रश्न त्याचे, चिकाटी त्याची, चुका तपासण्याचा प्रामाणिकपणाही त्याचाच. पण इतिहास लिहिताना शिक्षिका, नोकर, मुले आणि पत्नी यांना तळटीपेत ढकलणे ही पुराव्याशी केलेली प्रतारणा आहे. पुराव्यासाठी २० वर्षे थांबलेल्या माणसाबाबत तर ती अधिकच विसंगत ठरते.

११/
स्मारकांविषयीही हेच म्हणता येईल. डाउन हाउसमध्ये काही वर्षे मुलींची शाळा भरली, १९२९मध्ये ते जनतेसाठी खुले झाले आणि १९९६पासून इंग्लिश हेरिटेज ते सांभाळते. अभ्यासिकेतील खुर्चीपुढे गर्दी होणारच. पण तेथील हिरवळ, भाजीचा मळा, काचगृह आणि डार्विनची रोजची फिरण्याची वाट हीही तेवढीच मोलाची कागदपत्रे आहेत. या परिसराला जागतिक वारसा यादीत स्थान मिळावे म्हणून ब्रिटनने प्रयत्न केले, त्यांना यश आले नाही. भव्य वास्तू डोळ्यांत भरते. साध्या कुरणाचे महत्त्व समजावून सांगावे लागते.

१२/
डार्विनला गावाच्या चर्चच्या आवारात, आपल्या दोन लहानग्यांच्या सोबतीने विसावायचे होते. एप्रिल १८८२मध्ये राष्ट्राने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत नेले. १८९६मध्ये एमा गेली, ती डाउनच्याच मातीत विसावली. ॲबेतील शिळेवर एकच नाव आहे. ज्यांना या सिद्धान्ताचा पूर्ण इतिहास हवा, त्यांनी ती पाहून झाल्यावर डाउनचा रस्ता धरावा.