कंपन्यांचा कर आणि कामकऱ्यांची मजुरी

कर बसतो कंपनीवर. मग त्याची झळ मजुरास कशी लागते, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. कंपनी ही कांहीं हाडामांसाची व्यक्ति नव्हे. तिनें भरलेला प्रत्येक पैसा अखेर कोणा तरी माणसाच्या पदरांतूनच जातो. भागधारकाचा नफा घटतो, जागेचें भाडें उतरतें, गिऱ्हाइकास माल महाग पडतो, किंवा कामकऱ्याची मजुरी वाढावयाची राहते. कोणाच्या वांट्यास किती, एवढाच वाद आहे.

या वादाचा पुरावा अमेरिकेंत विपुल मिळतो. कारण तेथें मध्यवर्ती सरकारच्या कराखेरीज बहुतेक राज्यें कंपन्यांच्या नफ्यावर आपापला निराळा कर घेतात. नॉर्थ कॅरोलायना राज्यानें २०१३ सालीं शेंकडा ६.९ असलेला आपला दर २०१९ सालीं २.५ वर आणिला, आणि पुढें तो शून्यावर नेण्याचा कायदा २०२१ सालीं केला. अशा सवलतींचे कैवारी म्हणतात कीं, भांडवल येईल आणि मजुरी चढेल. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. जर्मनींतील गांवोगांवच्या करांचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत या कराचें सुमारें निम्में ओझें कामकऱ्यांवर पडतें, आणि त्यांतही अकुशल, तरुण व स्त्री कामगारांवर अधिक, असें आढळलें.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकन राज्यांच्या करकपातीचा लाभ कोणास होतो, याचा हिशेब सुआरेझ सेराटो व झिदार या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं मांडला. शेंकडा सुमारें ४० वांटा कंपन्यांच्या मालकांस, २५ ते ३० जमीनमालकांस, आणि ३० ते ३५ कामकऱ्यांस! म्हणजे सवलत मागावयाची मजुराच्या नांवानें, आणि त्यांतील दोन तृतीयांश दुसऱ्यांनींच न्यावयाचा, असा हा व्यवहार झाला. शिवाय तिजोरींत पडलेली खोट शाळा व रस्ते यांच्या खर्चांतून भरून काढिली, तर मजुरानें एका हातानें मिळविलेलें दुसऱ्या हातानें गेलेंच.

आपल्याकडे कंपन्यांवरील प्राप्तिकर राज्यांच्या हातीं नाहीं; तो केंद्राचा आहे. २०१९ सालीं केंद्रानें इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठीं मूळ दर शेंकडा २२ केला. राज्यें मुद्रांकशुल्क, वीजशुल्क यांची माफी देऊन कारखान्यांस बोलावितात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जी माफी कामकऱ्याच्या नांवानें दिली जाते, तिच्या करारांत किती हातांस काम व किती मजुरी हें स्पष्ट लिहावें. त्याचा हिशेब दरसाल लोकांपुढें ठेवावा. आणि शर्त मोडल्यास माफीची रक्कम परत घ्यावी.

आमच्या व्यापारी बंधूंनींही हें मनावर घ्यावें. मजुराच्या घरीं दोन पैसे अधिक आले, तर ते प्रथम पेठेंतील दुकानींच येतात.