विहिरीचे औषध आणि शेताचे दुखणे

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडीस पूर नवीन नाही. पाणी दत्तपादुकांवरून वाहून मंदिराच्या दक्षिणद्वाराने बाहेर पडू लागले की भाविक स्नानासाठी धाव घेतात. आणि याच नद्यांनी आणलेल्या गाळावर कृष्णाकाठची वांगी नावारूपास आली. परंतु २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत शेतांत आणि विहिरींत जे पाणी शिरले, ते केवळ गाळाचे नव्हते. पंचगंगा कोल्हापूर शहराचे सांडपाणी घेऊन निघते, पुढे इचलकरंजीच्या कापड रंगविण्याच्या कारखान्यांचे पाणी तीस मिळत आले आहे, आणि हा सारा भार अखेर वाडीच्या शिवारापाशी येतो.

पूर ओसरल्यावर शेतकऱ्यास एक प्रश्न साहजिकच पडतो. विहिरीत औषध टाकून पाणी शुद्ध होते, तर तसेच औषध जमिनीत का घालू नये? परदेशांत असे केले जाते, तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा खचितच नाही.

विहिरीतील औषधाचे कार्य म्हणजे ऑक्सिडीकरण होय. पोटॅशियम परमँगनेट अथवा ब्लीचिंग पावडर पाण्यातील जंतूंवर व सेंद्रिय घाणीवर तुटून पडते आणि तसे करताना स्वतः खर्ची पडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला होता. हल्ली त्याची जागा ब्लीचिंग पावडरने घेतली आहे. चांगल्या प्रतीची पावडर १,००० लिटर पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम लागते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असल्यास ते सुमारे ६३,००० लिटर भरते व त्यास साधारण १६० ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडावे आणि तासभर पाणी उपसू नये. पुराच्या गढूळ पाण्यास मात्र हे प्रमाण अपुरे पडते, कारण औषध घाणीवरच संपून जाते. सबब विहीर आधी उपसून घ्यावी व तासाभरानंतर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहतो की नाही, हे आरोग्य कर्मचाऱ्याकडून तपासून घ्यावे.

आता जमिनीकडे वळू. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९९० च्या दशकात बॉर्डन येथे जमिनीखालील पाण्यात मुरलेली धुलाईची द्रावके परमँगनेट सोडून नष्ट करण्याचे प्रयोग केले व त्यांस यश आले. परंतु तेथील भूस्तर वाळूचा होता. वाळूत द्रावण सर्वत्र झिरपते. शिरोळ तालुक्यातील भारी काळ्या जमिनीत ते भेगांतून निसटून जाईल आणि ढेकळाच्या पोटातील घाण जागच्या जागी राहील.

याहून मोठी अडचण खर्चाची आहे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. त्यात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तरी तो १० टन होतो. एक किलो कर्ब पुरता जाळण्यास १७ किलोंहून अधिक परमँगनेट लागते. म्हणजे कर्बाचा केवळ दहावा हिस्सा औषधाने खाल्ला, तरी हेक्टरी १७ टनांवर औषध वाया जाईल. आणि जे जळेल ते वर्षानुवर्षे शेणखत व पाचट घालून कमावलेले जमिनीचे सत्त्व असेल! शिवाय मातीतील निरुपद्रवी क्रोमियम याच क्रियेने विषारी रूपात जाण्याची भीती असते, ती वेगळीच.

ऑक्सिडीकरणाची खरी जागा नदीच्या वरच्या अंगास, कारखान्याच्या टाकीत आहे. १८९४ साली फेंटन यांनी लोह व हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या संयोगाची जी क्रिया वर्णन केली, ती रंगाचे रेणू उत्तम तोडते. पण तीस सामू ३ च्या आसपास लागतो. टाकीत तो राखता येतो, चुनखडीच्या काळ्या रानात मुळीच नाही. तथापि रंग गेला म्हणजे पाणी शेतीयोग्य झाले, असेही समजू नये. रंगाईत वापरलेले मीठ कोणत्याही ऑक्सिडीकरणाने नाहीसे होत नाही. ज्या तालुक्यात उसाच्या अतिपाण्याने जमिनी आधीच क्षारपड होत आहेत, तेथे हे निवळ दिसणारे खारे पाणी अधिक फसवे होय. घाण करणाऱ्याच्या दारी जो खर्च थोडक्यात भागतो, तो खालच्या शेतकऱ्याच्या माथी शतपटीने मारणे न्यायाचेही नाही आणि शास्त्राचेही नाही.

शेतातील सेंद्रिय घाण जाळण्याचे काम मातीतील जिवाणू करीतच असतात; त्यांना हवा मात्र मिळावयास हवी. म्हणून साचलेले पाणी चर काढून प्रथम बाहेर घालवावे, वाफसा येण्यापूर्वी नांगर घालू नये व पुढे ताग किंवा धैंचा गाडावा. जेथे पाणी मुरून राहते तेथे सच्छिद्र नळांचा भूमिगत निचरा करावा. शिरोळ तालुक्यात अनेक शेतकऱ्यांनी सहकाराने तो करून क्षारपड रान पुन्हा लागवडीखाली आणले आहे. पुराने नवा गाळ बसला असेल, तर त्याचा नमुना व खालच्या मूळ मातीचा नमुना वेगवेगळ्या पिशव्यांत प्रयोगशाळेकडे धाडावा. दोन्ही एकत्र केल्यास क्षार कोठून आले हे कळण्याची सोय राहत नाही.