तलवारीचा इतिहास ऐरणीवर तपासावा

१/ तलवार कोणाची होती, कोणत्या लढाईत तळपली, आज कोणत्या संग्रहालयात आहे, यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. ती कोणी घडवली आणि कशी घडवली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या धाग्यात एक मत मांडायचे आहे. हौस म्हणून घरामागे भट्टी पेटवणारा तरुण हा इतिहासाचाच विद्यार्थी आहे आणि त्याच्या कामाकडे आपण त्या दृष्टीने पाहायला हवे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ आरंभ भाषेपासून करू. प्रश्न ‘ऐरणीवर’ येतो, टीका ‘घणाघाती’ असते, छाती ‘भात्यासारखी’ वरखाली होते. हे शब्द आपल्या तोंडी रोज असतात. ज्या कामातून ते आले ते काम मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी जवळून पाहिलेले नसते. शस्त्राला ‘पाणी देणे’ म्हणजे नेमके काय, असे विचारले तर दहापैकी किती इतिहासप्रेमी उत्तर देऊ शकतील?

३/ आता एक खरी घडलेली गोष्ट. १७९४ च्या सुमारास मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे येथील पोलादाचे नमुने पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. या पोलादाला इंग्रज ‘वूट्झ’ म्हणत. कन्नड आणि तेलुगू भाषांतील ‘उक्कु’ या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते.

४/ हे पोलाद मातीच्या बंद मुशीत तयार होई. लोखंडाचे तुकडे आणि लाकूड, पाने असे काही घालून मूस लिंपून टाकत आणि दीर्घकाळ प्रखर तापवत. लोखंड कार्बन शोषून वितळे आणि सावकाश थंड होऊन त्याचा गोळा बने. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का असे. दख्खनमध्ये आणि दक्षिणेत हा उद्योग भरभराटीला आला होता. तेलंगणातील कोनसमुद्रम येथे तर इराणी व्यापारी पोलाद खरेदीसाठी येत.

५/ युरोपातील लोहारांना हे पोलाद वश होईना. आपल्या नेहमीच्या लोखंडाप्रमाणे त्यांनी ते पांढरे होईपर्यंत तापवले आणि घाव घातला, की ते भुगा होऊन पडे. मायकेल फॅरेडे हा थोर वैज्ञानिक एका लोहाराचा मुलगा. त्याने १८१९ मध्ये वूट्झचे विश्लेषण केले आणि पुढे जेम्स स्टोडार्ट यांच्याबरोबर १८२० व १८२२ मध्ये पोलादाच्या मिश्रधातूंवर निबंध लिहिले. पात्यावरील लाटांसारख्या नक्षीचे रहस्य मात्र त्यांच्याकडून उलगडले नाही.

६/ एकोणिसावे शतक सरता सरता मूळ कारागिरीच लोपली. नमुने उरले आणि कृती गेली. पुढे शंभर वर्षे धातुशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली जुनी पाती पाहत राहिले. पात्यात काय आहे हे त्यांना सांगता येई. ते तसे कसे झाले हे ठामपणे सांगता येत नव्हते. इतिहासातील कित्येक प्रश्नांची अवस्था अशीच असते. वस्तू समोर असते, तिच्यामागचा हात हरवलेला असतो.

७/ ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा होता तो घोड्यांना नाल ठोकणाऱ्या एका माणसाचा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील अल्फ्रेड पेंड्रे हे व्यवसायाने नालबंद. पाती घडवणे हा त्यांचा ध्यास होता. आयोवा येथील विद्यापीठातील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हेरहोवेन यांच्याबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. जुन्या पात्यांसारखी नक्षी असलेली पाती त्यांनी पुन्हा घडवली आणि १९९८ मध्ये त्याची कारणमीमांसा प्रसिद्ध झाली.

८/ निष्कर्ष विलक्षण होता. लोखंडात व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंश, टक्क्याच्या काही सहस्रांश इतकाच, असला तरी वारंवार तापवून ठोकताना कार्बाइडचे कण ओळींत जमतात आणि नक्षी उमटते. म्हणजे विशिष्ट खाणीचे लोखंड, विशिष्ट तापमान आणि घावांची दीर्घ मालिका या तिन्ही गोष्टी एकत्र यायला हव्यात. खनिज बदलले तर तोच कारागीर, तीच भट्टी, आणि तरीही नक्षी नाही.

९/ यातून माझा पहिला मुद्दा सिद्ध होतो. प्रयोगशाळेला अंश मोजता आले, पण कोणत्या रंगावर घाव घालायचा आणि कोणत्या रंगावर थांबायचे, हे नालबंदाच्या हाताला कळत होते. दोघांपैकी एक नसता तर उत्तर मिळाले नसते. इतिहासाची साधने म्हणून आपण कागद, नाणी आणि शिलालेख मानतो. हाताला येणारे कौशल्य हेही साधनच आहे, असे मानायला आता हरकत नसावी.

१०/ आता आपल्या हौशी लोहाराकडे वळू. त्याचा प्रवास बहुधा सारख्याच टप्प्यांनी होतो. रुळाचा तुकडा ही त्याची पहिली ऐरण. जुनी पंपाची फुंकणी किंवा केस वाळवायचे यंत्र हा भाता. पहिली वस्तू म्हणजे भिंतीला ठोकायचा आकडा. त्याला वाटते, उद्या तलवार. पण लाल लोखंड भट्टीतून बाहेर आल्यावर काही सेकंदांतच काळवंडते, आणि एका आकड्यासाठी दहा वेळा भट्टी गाठावी लागते. लोहाराच्या गतीचा अर्थ त्याला तेथे उमगतो.

११/ दुसरा टप्पा सांडशीचा. बाजारातली सांडशी प्रत्येक जाडीचे लोखंड नीट पकडत नाही. निसटलेला तापला तुकडा पायावर पडतो. म्हणून लोहार आपली सांडशी स्वतः घडवतो. मग छिन्नी, मग भोके पाडायची सुंबी. आपली हत्यारे आपणच घडवणारा हा विरळा व्यवसाय आहे. सुताराची वाकस, चांभाराची आरी, शेतकऱ्याचा फाळ हे सारे त्याच्याच ऐरणीवरून जाते. गावगाड्यातील त्याचे स्थान बलुत्याच्या यादीपेक्षा या साखळीतून अधिक स्पष्ट होते.

१२/ तिसरा टप्पा पाणी देण्याचा. मालमोटारीच्या जुन्या पाट्याचा चाकू घडवला, तापवला आणि बुडवला. तो काचेसारखा कठीण होतो आणि काचेसारखाच फुटतो. मग तो पुन्हा मंद तापवावा लागतो. घासून उजळलेल्या पात्यावर आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते, निळ्यावर थांबले तर लवचीकपणा येतो. हा सारा खेळ सुमारे २२० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यानचा आहे.

१३/ ज्या काळी तापमापक नव्हता त्या काळी हे रंग हीच मोजपट्टी होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गलक्षणावर अध्याय आहे आणि शस्त्राला पाणी देण्याच्या कृतीही आहेत. १६७७ मध्ये लंडनच्या जोसेफ मॉक्सन यांनी हस्तव्यवसायांवरील लेखमाला सुरू केली ती लोहारकामापासूनच. त्यातही उष्णतेच्या पायऱ्या रंगांवरून सांगितल्या आहेत. हे ग्रंथ वाचायला पंडित पुरतो. त्यातला ‘लाल’ म्हणजे कोणता लाल, हे ठरवायला भट्टीपुढे उभे राहावे लागते.

१४/ चौथी गोष्ट कोळशाची. एक किलो लोखंड खनिजातून काढायचे तर कित्येक किलो लोणारी कोळसा जळतो, आणि तेवढ्या कोळशासाठी त्याच्या कितीतरी पट लाकूड लागते. ज्याने एका सुट्टीच्या दिवसात कोळशाची पोती संपताना पाहिली आहेत, त्याला ‘सैन्याला हजार भाले पुरवले’ हे वाक्य पूर्वीसारखे वाचता येत नाही. त्या वाक्यामागे तोडलेले रान, कोळसा पाडणारे लोणारी आणि वाहतुकीचे बैल त्याला दिसू लागतात.

१५/ आता आपल्या आवडत्या दंतकथेकडे. अमुक वीराची तलवार वीस किलोची, तमुकाची चाळीस किलोची, असे मजकूर दर महिन्याला फिरतात. प्रत्यक्षात लढाईतल्या एकहाती तलवारी साधारणतः एक ते दीड किलोच्या आसपास भरतात. दीड किलोचा हातोडा अर्धा तास चालवलेल्या मुलाला हे पटवून द्यावे लागत नाही. त्याचा खांदाच साक्ष देतो. आणि वजन कमी सांगितल्याने वीराचा पराक्रम उणा होत नाही. कमी वजनात ताकद, तोल आणि लवचीकपणा साधणाऱ्या कारागिराचा पराक्रम मात्र प्रथमच दिसतो.

१६/ आणखी एक घोटाळा. बाजारात ‘दमास्कस’ म्हणून विकले जाणारे बहुतेक नक्षीदार चाकू वूट्झचे नसतात. दोन प्रकारच्या पोलादांचे थर तापवून जोडायचे, दुमडायचे, पिळायचे आणि शेवटी आम्लात बुडवून नक्षी उठवायची, असे ते काम असते. तीही थोर कला आहे, पण ती वेगळी कला आहे. पहिलीत नक्षी थरांची असते, दुसरीत ती पोलादाच्या पोटातून उमलते. हा भेद हौशी लोहार सहज ओळखतो. लिलावाची जाहिरात वाचणारा फसतो.

१७/ यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला असा की, विजेचा पंखा, कारखान्यातले पोलाद आणि चित्रफिती पाहून शिकलेला हात, यातून जुन्या काळाविषयी काय सिद्ध होणार? उत्तर असे की, सारेच सिद्ध होत नाही. प्रयोगाने ‘असे करता येते’ एवढेच कळते. ‘असेच केले जाई’ हे कळत नाही. मात्र ‘असे करताच येत नाही’ हेही प्रयोगानेच कळते, आणि इतिहासातल्या अनेक वल्गना तिथेच गळून पडतात.

१८/ म्हणून प्रयोगाला पुराव्याची जोड हवी. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील, महापाषाणीय संस्कृतीच्या काळातली लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. दिल्लीचा सुमारे सहा टन वजनाचा लोहस्तंभ ओतलेला नाही. लोखंडाचे गोळे तापवून, एकमेकांत ठोकून तो उभारला आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याच्या न गंजण्याचे कारण लोखंडातील फॉस्फरसच्या अंशात दाखवून दिले. ज्याने दोन सळ्या भट्टीत जोडण्याचा यत्न केला आहे, त्यालाच त्या सहा टनांची खरी उंची कळते.

१९/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शहरी, सुस्थितीतील तरुणाने हौसेखातर भट्टी लावायची आणि पिढ्यानपिढ्या तेच काम करणाऱ्याने कर्जात राहायचे, यात न्याय कोणता? गावोगाव पाल ठोकून विळे, खुरपी शेवटणारा घिसाडी समाज आजही आहे. तिथे अनेकदा पुरुष सांडशी धरतो आणि बाई घण मारते. आपल्या कागदपत्रांत लोहाराचे बलुते सापडते, त्याचा तंटा सापडतो. त्याचे ज्ञान क्वचितच सापडते, कारण लेखणी त्याच्या हाती नव्हती.

२०/ या आक्षेपाचे उत्तर हौस सोडण्यात नाही, ती कोणाकडे शिकावी यात आहे. अमेरिकेत १९७३ मध्ये हौशी आणि कलावंत लोहारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तेव्हा तिथला गावचा लोहार जवळजवळ नाहीसा झाला होता. बरेचसे ज्ञान पुस्तकांतून आणि मोजक्या वृद्धांकडून पुन्हा गोळा करावे लागले. जपानने १९७७ मध्ये शिमाने प्रांतात ‘तातारा’ ही पारंपरिक पोलाद-भट्टी पुन्हा पेटवली, ती जुने कसबी हयात होते म्हणून. आपल्याकडे तो माणूस अजून आठवडे बाजारात बसलेला आहे. ही सवड फार वर्षे राहणार नाही.

२१/ म्हणून विनंती अशी. चित्रफितीतल्या परदेशी गुरूआधी जवळच्या लोहाराकडे जा. त्याच्या दिवसाचा मोबदला द्या आणि मगच प्रश्न विचारा. तो वापरतो ते शब्द, हत्यारांची नावे, रंगांची नावे, घावांचे इशारे त्याच्याच बोलीत लिहून ठेवा. मोठा घण कुठे पडावा हे तो लहान हातोडीच्या टिचकीने सांगतो. ती भाषा कोणत्याही बखरीत नाही. त्याचे नाव, त्याची संमती असेल तर, नोंदीवर सर्वांत वर लिहा.

२२/ काही पथ्ये. जुने पाते सापडले तर ते घासू नका, तापवू तर मुळीच नका. गंजासकट ते पुरावा आहे. तलवारी घडवण्याचा मोह आवरा. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये त्याला परवाना लागतो. विळा, खुरपे, अडकित्ता यांतही सारे शास्त्र सामावले आहे. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत घालू नका, त्याचा धूर विषारी असतो. डोळ्यांना चष्मा हवाच.

२३/ भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटाचा नायक लोहार होता. पडद्यावर त्याला मिळालेली जागा इतिहासाच्या पुस्तकात मिळायची आहे. ती देण्याचे काम विद्यापीठांचे आहेच, पण तेवढ्यावर थांबायचे कारण नाही. तलवारींची छायाचित्रे जमवणाऱ्या प्रत्येकाने एक खिळा तरी स्वतः घडवून पाहावा. त्यानंतर संग्रहालयातील पात्यापुढे उभे राहिल्यावर ‘हे कोणाचे’ याच्या जोडीला ‘हे कोणी घडवले’ हा प्रश्न आपसूक सुचेल. मत पटले नसेल तर प्रतिवाद जरूर करावा. पुराव्यासह केला तर आनंदच आहे.